हंगामात कोंडणारं कंटेनर यार्ड

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये गाठी रवाना करायचं काम मी अकरा वर्षांपासून पाहतो. 170 किलोची एक गाठ, 40 फूट लांबीच्या उंच कंटेनरमध्ये (आम्ही त्याला डबाच म्हणतो) साधारण दीडशे गाठी, आणि तिथून रेल्वेनं न्हावाशेवा बंदर. जवळच्या एका छोट्या खाजगी यार्डातून दोन हंगाम माल काढला, त्याचा हा अनुभव. नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली आहेत. चुकली ती आखणी.

आधी शेड. ओटा ट्रेलरच्या पाट्याबरोबर उंच, त्यामुळे फोर्कलिफ्ट गाठ घेऊन थेट डब्यात शिरते. पत्रे ओट्याच्या पुढे चांगले बाहेर काढलेत. जानेवारीत अवकाळी आला तेव्हा आमची एकही गाठ ओली झाली नाही. भरण्याआधी पोरं डब्यात शिरून दार लावून घेतात आणि पत्र्यातून उजेड दिसतो का ते बघतात. कापूसवाल्याला यापेक्षा काय पाहिजे?

यार्डात मात्र जीव रडकुंडीला येतो. भरलेले डबे एकावर एक असे चार-चार रचलेले. आमच्या डब्याची गाडी त्याच रात्रीची होती आणि डबा सगळ्यांत खाली. ऑपरेटर म्हणाला, “भाऊ, वरचे तीन हलवल्याबिगर तुमचा निंगत नाही.” रीच स्टॅकर, म्हणजे डबे उचलून रचणारं चाकांचं यंत्र, एकच, आणि वरचे तीन ठेवायला मोकळी जागा नाही. त्यात साइडिंग, म्हणजे यार्डातला रुळाचा फाटा, अर्ध्या गाडीपुरताच, म्हणून 45 वॅगनची गाडी तोडून दोनदा आत घ्यायची. आमचा डबा राहिला, पुढं जहाजही गेलं.

मॅनेजरनी हिशेब दाखवला. वर्षाचे 10,000 डबे धरा, एक डबा सात दिवस थांबतो धरा. 10,000 गुणिले 7 भागिले 365, म्हणजे 192 जागा. कागदावर चोख. पण आमचा कापूस काय बारा महिने येतो? नोव्हेंबर ते मार्च, 151 दिवस. त्यात 7,000 डबे आले आणि थांबणं दहा दिवसांवर गेलं, तर 464 जागा लागतात. वर्षाच्या सरासरीवर यार्ड आखलं की हंगामात डब्यावर डबा चढणारच. आणि इकडे आयात थोडी, म्हणून रिकामे डबेही आधी आणून ठेवावे लागतात. त्यांची जागा वेगळीच पाहिजे. ते हलके, त्यांना उंच रचा ना! इथं ते भरलेल्यांच्या वाटेत उभे आहेत.

दुसरी गोष्ट जमिनीची. रीच स्टॅकर रिकामा असतानाच सत्तर टनांच्या आसपास, आणि भरलेला डबा समोर उचलला की जवळपास सगळं ओझं पुढच्या चाकांवर येतं. तिसऱ्या रांगेपाशी पेव्हर ब्लॉकची फरशी इतकी खचलीय की माझी वीत त्यात उभी बसली. कडेचे ब्लॉक तिरपे झालेत, मध्ये तेलकट पाणी साचलेलं. खाली आपली काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जातो. शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं की हिच्यावर नुसता मुरूम टाकून भागत नाही. ती उकरून काढावी लागते, नाहीतर चुना-सिमेंट मिसळून बांधून घ्यावी लागते.

वजनकाटा ठीक. 2016 च्या जुलैपासून डब्याचं खरं वजन दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत, ते काम इथं वेळेवर होतं. फाटक एकच, आत-बाहेरच्या गाड्या तोंडाला तोंड भिडतात.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन शेडचे.

मॅनेजरसाहेबांना मी माझ्या रवानगीच्या वहीची दोन हंगामांची पानं दिली, कोणत्या आठवड्यात किती डबे ते त्यात आहे. त्यांनी ठेवून घेतली. मागच्या तुकड्यावर नवीन काम निघालंय आणि माती अजून उकरलेली नाही. मुरमाच्या गाड्या यायच्या आत मंगळवारी परत जाऊन सांगणार आहे.