पेनड्राइव्हवर लिहायचंय: यूडिस्क्स की एफएसटॅब?

लिनक्सवर नुसतं सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी आज्ञा) लावून पेनड्राइव्ह माउंट केला, म्हणजे वापरासाठी सिस्टिमला जोडला, की फॅट किंवा एक्सफॅट या फाइलसिस्टिमवरच्या सगळ्या फायलींची मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासक खात्याकडे जाते. वाचता येतं, लिहिता येत नाही. यूडिस्क्स ही ड्राइव्ह माउंट करून देणारी सेवा हा घोळ होऊच देत नाही: फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केलं, की माउंट करणाऱ्याचाच यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) लागतो. येत्या-जात्या ड्राइव्हसाठी हेच वापरा.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल, तर एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे लिहिलेली फाइल) सरस. जागा ठरलेली राहते, लॉगिनशिवायही माउंट होतं. यूआयडी मात्र तुम्हीच लिहायचा. त्यात नोफेल हा पर्याय लिहायला विसरू नका, नाहीतर डिस्क नसताना बूट अडकतं.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर यूआयडीचा पर्याय चालतच नाही. परवानग्या डिस्कवरच नोंदलेल्या असतात. तिथे एकदा चाउन ही मालकी बदलणारी आज्ञा चालवून मालकी स्वतःकडे घ्या.