आयएसबीएनचे चार हजार रुपये

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांना हेरून पैसे उकळणारे लोक स्वतःला ‘साहित्यिक एजंट’ म्हणवतात. अशाच एकाने इथे इंदूरमध्ये मला फसवले. ‘इंदुरात बसून पुण्या-मुंबईचे प्रकाशक तुम्हाला दाद देणार नाहीत, माझी मात्र त्यांच्याकडे उठबस आहे,’ हे त्याचे पालुपद होते. वस्तुतः मराठीत एजंटाची प्रथा जवळजवळ नाहीच. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे पाठवायचे, ही इथली रीत. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात एजंट असतात, परंतु तेही पुस्तक विकले गेल्यावर लेखकाच्या मिळकतीतून साधारणपणे १५ टक्के घेतात, हस्तलिखित वाचण्याचे पैसे मागत नाहीत.

या गृहस्थाने आधी वाचनशुल्क घेतले, मग संपादनाचे पैसे, आणि शेवटी आयएसबीएनचे (म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे) ४,००० व कॉपीराइटचे ६,००० रुपये लावून रीतसर छापील पावती दिली. आयएसबीएन भारतात केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय यांच्या नावाच्या यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. कॉपीराइट तर लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक असून तिचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. तीही त्याने केली नव्हतीच.

छापून आलेल्या कादंबरीत ‘ळ’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘ल’ पडला होता, म्हणजे संपादनाच्या नावाखाली कोणी एक पानही वाचलेले नसावे. मागच्या पुठ्ठ्यावरचा आयएसबीएन मोजला, तर आकडे भरले बारा. २००७ पासून ते तेरा असतात. बारकोड मात्र झोकदार होता!

करारात ‘सर्व भाषांतील सर्व हक्क’ त्याच्याकडे गेले होते आणि मुदतीची जागा कोरी होती. वकिलांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम दाखवले: करारात मुदत लिहिलेली नसल्यास हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते. ती जागा कोरी राहिली म्हणून निभावले. तिथे ‘कायमस्वरूपी’ असे लिहिलेले असते, तर कादंबरी सोडवून घेणे फार जड गेले असते. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. पावती, करार आणि यूपीआय व्यवहारांच्या नोंदी तक्रारीसोबत पोलिसांकडे दिल्या आहेत.