घोड्यांचे फोटो: रेसकोर्स की सारंगखेडा?

घोड्यांच्या फोटोंवर पोट भरायचं तर एकतर महालक्ष्मी-पुण्याचं रेसकोर्स, नाहीतर सारंगखेड्याचा घोडेबाजार. रेसकोर्सवर आधी परवानगी, मग ठरलेली जागा आणि ताशी ६० किलोमीटरने येणारा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर. विनिंग पोस्टपाशी, म्हणजे शर्यत संपते त्या खांबापाशी, पापणी लवायच्या आत खेळ खलास. पुण्याचा सीझन ऐन पावसाळ्यात, म्हणजे उजेडाची बोंब. गिऱ्हाईक एकच: जिंकलेल्या घोड्याचा मालक. हरलेल्याला फोटो कशाला हवाय?

सारंगखेड्यात, तापीकाठी, दत्तजयंतीच्या यात्रेत फोटो लागतो तो विक्रीसाठी. घोडा आडवा उभा, चारही पाय दिसलेच पाहिजेत, कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीवर. जवळून वाइड लेन्स लावली की डोकं भोपळ्याएवढं! मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. तेच कान मागे पडले तर फोटो वाया. म्हणून मी खिशात चण्यांची पुडी ठेवतो. ती चुरचुरली की साहेब कान टवकारतात. (एकदा त्या नादात बॅगेचा पट्टाही चावून झाला.)

मला विचाराल तर सारंगखेडाच. पण तो बाजार वर्षातून एकदा, त्यामुळे बाकीचे महिने मी रेसकोर्सच्या कठड्याला टेकलेला असतो.