आयबीएम आयची सिस्टिम रिप्लाय लिस्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीच्या बॅचमधला एक जॉब एमएसजीडब्ल्यूत, म्हणजे प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत, अडकला की त्याच्यामागची रांग सकाळपर्यंत तशीच तुंबते. आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे जुन्या एएस/४०० च्या आजच्या रूपात, यावरचा उपाय सिस्टिमसोबतच येतो: सिस्टिम रिप्लाय लिस्ट, म्हणजे अशा प्रश्नांना आपोआप द्यायच्या उत्तरांची यादी. काही महिने वापरून मत असं झालं आहे: रिप्लाय लिस्ट चांगली आहे, पण तिला काम कमी द्यावं.

डब्ल्यूआरकेआरपीवायएलई कमांडने लिस्ट उघडते. प्रत्येक नोंदीत १ ते ९९९९ मधला क्रमांक, मेसेज आयडी (प्रश्नाचा कोड) आणि उत्तर असतं. शोध लहान क्रमांकापासून सुरू होतो आणि पहिली जुळणी मिळाली की थांबतो. म्हणून नेमक्या नोंदी वर, ढोबळ नोंदी खाली ठेवायच्या. नवी नोंद ताबडतोब लागू होते, आधीच चालू असलेल्या जॉबलाही. त्यामुळे भर बॅचमध्ये प्रयोग नकोत.

नवखे लोक हमखास अडतात ते पुढच्या पायरीवर. लिस्ट भरली तरी काहीच घडत नाही, कारण जॉबचं आयएनक्यूएमएसजीआरपीवाय हे ॲट्रिब्यूट सहसा *आरक्यूडी (उत्तर माणसाने द्यायचं) असतं. ते *एसवायएसआरपीवायएल (उत्तर लिस्टमधून घ्यायचं) करावं लागतं, आणि तेही फक्त बॅचच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे त्या जॉबच्या सेटिंग्जमध्ये. स्क्रीनसमोर माणूस बसलेला असताना त्याच्या वतीने मशीनने उत्तर देण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेची. मुळात येणाऱ्या लिस्टमध्ये २० क्रमांकावर आरपीजी०००० ला (म्हणजे आरपीजी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या आयडींना) ‘डी’ असं उत्तर असतं. ते ओपीएम या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमसाठी. आयएलई या नव्या पद्धतीच्या आरपीजीचे प्रश्न आरएनक्यू या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे आरएनक्यू०००० ची नोंद आपणच घालायची. तिलाही ‘डी’च द्यावं: प्रोग्रॅम थांबतो आणि क्यूपीपीजीएमडीएमपी नावाची डंप स्पूल फाइल (प्रोग्रॅमच्या त्या क्षणीच्या स्थितीचा छापता येणारा अहवाल) मागे राहते. प्रोग्रॅम एकमेकांना बोलावत असतील तर वरच्या प्रत्येक पातळीवर आरएनक्यू०२०२ (बोलावलेला प्रोग्रॅम चुकीने संपल्याचा प्रश्न) उभा राहतो, आणि तीच नोंद त्यालाही निस्तरते.

आरएनक्यू१२१८, म्हणजे रेकॉर्ड दुसऱ्याने लॉक केलेलं, इथे ‘आर’ (पुन्हा प्रयत्न कर) देण्याचा मोह होतो. देऊ नका. लिस्टला मोजता येत नाही. वेटआरसीडी, म्हणजे रेकॉर्डसाठी थांबायची मुदत, ६० सेकंद असेल तर दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न, आणि लॉक सुटेपर्यंत हेच चक्र. किती वेळा प्रयत्न करायचा ते प्रोग्रॅममध्येच लिहावं.

सर्वात धोकादायक सीपीए५३०५, फाइलचा मेंबर (डेटा ठेवणारा भाग) भरल्याचा प्रश्न. फिजिकल फाइलचा मूळ आकार १०,००० रेकॉर्ड, वाढ १,००० ची, तीन वेळा. म्हणजे १३,००० ला फाइल अडते. ‘आय’ची (दुर्लक्ष करून पुढे जा) नोंद घातली की कटकट संपते खरी, पण एखादा प्रोग्रॅम लूपमध्ये फसून लिहीत सुटला तर त्याला अडवणारा हाच एक ब्रेक होता. तो काढला की डिस्क भरते आणि सगळी सिस्टिम संकटात येते. खरोखर वाढणाऱ्या फाइलचा आकार सीएचजीपीएफ कमांडने विचार करून बदला. बाकीच्यांना हा प्रश्न विचारू द्या.

याउलट सीपीए७०२५, म्हणजे जर्नल रिसीव्हर (फाइलमधल्या बदलांची नोंद साठवणारा) पूर्ण सेव्ह न होता डिलीट होतोय. चाचणीच्या मशीनवर ‘आय’ बिनधास्त चालतं. प्रॉडक्शनवर तेच उत्तर दिलं तर बॅकअपची साखळी तुटू शकते. प्रिंटरचा सीपीए३३९४, फॉर्म बदलण्याचा प्रश्न, लिस्टमध्ये घालण्यापेक्षा रायटर (छपाई चालवणारा जॉब) सुरू करतानाच फॉर्मटाइप *ऑल (सगळे फॉर्म) आणि *नोएमएसजी (मेसेज नको) द्यावा. प्रश्नच येत नाही.

तुलनेचा डेटा वापरून एकाच आयडीला फाइलनुसार वेगळं उत्तर देता येतं. मर्यादा २८ अक्षरं. पण ही तुलना पडद्यावरच्या मजकुराशी होत नाही, मेसेजमध्ये भरल्या जाणाऱ्या डेटाशी होते. त्याची मांडणी डीएसपीएमएसजीडी कमांडने बघून सुरुवातीची जागा मोजावी. *एनीची (कुठल्याही मेसेजला जुळणारी) नोंद मात्र अजिबात नको.

आणखी एक खोड: आपोआप उत्तर मिळून बंद झालेला जॉब एमएसजीडब्ल्यूत दिसत नाही, आणि सकाळी सगळं आलबेल वाटतं. म्हणून एसटीआरडब्ल्यूसीएच कमांडने क्यूएचएसटी या सिस्टिमच्या इतिहास-लॉगवर नजर ठेवून सीपीएफ११६४, म्हणजे जॉब संपल्याच्या मेसेजमधला, समाप्तीचा कोड तपासावा. शून्य नसेल तर कोणाला तरी कळवावं. बॅच जॉबचं लॉगिंग ४ ०० *सेकएलव्हीएल (मेसेजचा सविस्तर मजकूरही) ठेवा, नाहीतर जॉब का मेला ते शोधायला काहीच उरत नाही.

लिस्टमध्ये शेरा लिहायला जागाच नाही. नोंद कोणी आणि का घातली ते तिथे दिसत नाही. सगळ्या नोंदी, त्या घालणाऱ्या एडीडीआरपीवायएलई कमांडच्या रूपात, सीएल (सिस्टिमची कमांड भाषा) सोर्समध्ये शेऱ्यांसह ठेवाव्यात आणि क्यूएसवायएस२ लायब्ररीतल्या रिप्लाय_लिस्ट_इन्फो या एसक्यूएल व्ह्यूशी अधूनमधून ताडून पाहाव्यात.