शिकारीला जागा नाही, तोवर सरावाला राइनहार्टचं १८-१ टार्गेट

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला किंवा मुलीला धनुष्याने शिकार करायची असेल, तर अडचण पहिल्याच पावलाला येते. शेजारच्या घरात आजोबांची शेतजमीन असते, झाडावर मचाण असतं, कुठे उभं राहायचं ते सांगणारा मामा असतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे आईवडिलांपाशी या बाबतीत देण्यासारखं काही नसतं. मूल शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करतं, धनुष्य घेतं, आणि मग जायचं कुठे हा प्रश्न उरतो. टेक्सससारख्या राज्यात तर बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे. दोन-तीन महिन्यांत धनुष्य गॅरेजमधल्या खुंटीवर जातं ते तिथेच राहतं.

अशा घरासाठी एकच वस्तू सुचवायची झाली तर ती राइनहार्ट कंपनीचं १८-१ टार्गेट. त्यात उणिवा आहेत, आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

हा साधारण १५ इंच लांब-रुंद-उंच फोमचा ठोकळा. त्याच्या सगळ्या कडा तिरक्या कापल्यामुळे सहा मोठ्या बाजू आणि बारा तिरक्या पट्ट्या तयार होतात. अशा अठरा बाजूंवर नेम धरायला ठिपके आहेत आणि उचलायला दोरीचा कान आहे. फोम घट्ट आणि लवचीक असतो. बाण काढला की भोक बरंचसं मिटतं, आणि यात फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाच्या बाणाचं साधं टोक, आणि ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, दोन्ही मारता येतात. चिंध्या भरलेल्या पिशवीच्या टार्गेटमध्ये ब्रॉडहेड मारायचंच नसतं, पाती कापड फाडून आत अडकतात.

मांडणीत पहिली गडबड होते. ठोकळा जवळपास गोल असल्याने कडेला बाण लागला की फिरतो किंवा घरंगळतो. जुन्या टायरमध्ये बसवा किंवा दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: २० यार्डांवरून १५ इंच हे नवशिक्यासाठी लहान लक्ष्य आहे आणि बाण चुकणारच. मागे मातीचा उंच बांध असेल तर उत्तम. नसेल तर घोड्यांच्या तबेल्यात घालतात ती पाऊण इंच जाडीची रबरी चटई उभी टांगा. तरुण मुलांच्या हलक्या धनुष्याचा फील्ड पॉइंट ती अडवते, ब्रॉडहेडसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. त्याही आधी शहराचे नियम पाहा. पुष्कळ शहरांत हद्दीत बाण सोडायला बंदी असते किंवा मागे अडसर लागतो, आणि वसाहतीच्या सोसायटीचे नियम त्याहून कडक असू शकतात.

बाण काढणं हा या टार्गेटचा सर्वात त्रासाचा भाग. घट्ट फोममध्ये शिरताना कार्बनचा बाण घर्षणाने तापतो, फोमचा पातळ थर वितळून त्याला चिकटतो आणि पुढच्या वेळी बाण आणखी घट्ट बसतो. म्हणून पुढच्या हातभर भागावर कोरडा साबण घासून मगच मारा आणि चिकटलेला थर पुसत राहा. काढताना एक हात बाणाशेजारी टार्गेटवर दाबून धरा, दुसऱ्या हाताने बाण टार्गेटजवळ पकडा आणि सरळ रेषेत ओढा. वाकडं ओढलं की ॲल्युमिनियमचा बाण वाकतो. पिळावं लागलंच तर नॉककडून, म्हणजे दोरीत अडकवायच्या मागच्या खाचेकडून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळा. उलट पिळलं की टोकाचा आटा सुटतो आणि टोक फोममध्येच राहतं. ओढणाऱ्याच्या मागे कोणी उभं राहू नये, कारण बाण झटक्यात सुटतो आणि नॉक मागच्याच्या तोंडावर येऊ शकतो.

फारच हलक्या धनुष्यासाठी हे टार्गेट घेऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं. शाळांच्या तिरंदाजी कार्यक्रमातलं जेनेसिस धनुष्य १० ते २० पौंडांचं असतं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो. त्याचा बाण या फोममध्ये जेमतेम रुततो, लोंबकळतो, कधी परतही येतो. त्या टप्प्यावर पिशवीचं टार्गेट चांगलं. मूल ३० पौंडांच्या आसपास आलं की हे घ्या. शिकारीलाही साधारण तिथूनच परवानगी सुरू होते: विस्कॉन्सिनमध्ये किमान ३० पौंड, कोलोरॅडोत ३५. तिथे पोचायची घाई मात्र करू नका. मुलाला जमिनीवर पाय पसरून बसवा. धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ ओढता आलं, तरच ओढण्याचं वजन वाढवायचं, आणि तेही धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरचा वरचा-खालचा बोल्ट सारखाच फिरवून.

आता उत्साहाबद्दल, कारण हे टार्गेट आम्ही सुचवतो ते त्यासाठी. शिकारीला जागा नसलेलं मूल कंटाळतं, कारण रोज त्याच अंतरावरून, त्याच उभ्या पवित्र्यात, त्याच ठिपक्यावर पन्नास बाण मारले जातात. त्यात खांदा दुखतो आणि वाईट सवयी जडतात. नेम धरायची पिन ठिपक्याखाली अडकून बसते, मूल दोरी सोडायच्या उपकरणाचा ट्रिगर घाईघाईने झटकतं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात, आणि ते मोठ्यांनाही वर्षानुवर्षं सोडत नाही. एका संध्याकाळी बारा ते पंधरा बाण पुरे, पण त्या दिवशी शिकारीतला एक प्रश्न सोडवायचा. अठरा बाजू इथे उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न थंड बाणाचा. शिकारीत अंग मोकळं करायला दहा बाण मिळत नाहीत. म्हणून अंगणात आल्याबरोबर, जाकीट घालून, एकच बाण मारायचा आणि तो कुठे लागला ते तारखेसह पुठ्ठ्यावर लिहायचं. तो पुठ्ठा भिंतीवर राहू द्या. मुलाला आपली प्रगती त्याच्यावर दिसते, आणि शिकारीच्या दृष्टीने गुणांच्या बेरजेपेक्षा तीच खरी.

दुसरा प्रश्न कोनाचा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हृदय-फुप्फुसाचा भाग साधारण ८ ते १० इंचांचा असतो, पण हरीण क्वचितच आडवं उभं राहतं. ठोकळा असा फिरवा की उभी तिरकी पट्टी समोर येईल. पलीकडच्या बाजूला चिकटपट्टी लावा आणि बाण तिच्या दिशेने निघेल असा नेम धरायला सांगा. दूर तोंड करून तिरक्या उभ्या हरणावर असाच विचार करावा लागतो: बाण कुठे शिरेल यापेक्षा कुठून बाहेर पडेल. इथे एक जपायचं. अगदी कोपऱ्याजवळ फोम कमी असतो, जोरकस धनुष्याचा बाण तिथून आरपार जाऊ शकतो.

तिसरा प्रश्न उंचीचा. डेकवरून मारताना वरची तिरकी पट्टी थेट समोर येते. मुलं हात खाली झुकवतात, त्याने नेम धरायची जागा बदलते आणि बाण भलतीकडे जातो. आधी समोर सरळ ओढायचं, मग कमरेतून वाकायचं. वीस फुटांच्या मचाणावरून २० यार्डांवर उंचीमुळे पडणारा फरक अगदी थोडा असतो. चुकतं ते बहुतेक या वाकण्यामुळे.

उरलेल्या संध्याकाळी बसून, गुडघ्यावर, जाड हातमोजे आणि तोंडावरची जाळी घालून मारायचं. दोरी जाकिटाच्या बाहीला लागते का, जाळीमुळे गालावरची टेकण्याची जागा सरकते का, हे घरीच कळलेलं बरं. पॅनिक जाणवलं तर टार्गेटपासून तीन-चार पावलांवर उभं करून, शेजारी मोठं माणूस थांबवून, डोळे मिटून फक्त बाण सोडण्याचा सराव द्या. अंतर वाढवण्याची कसोटी सोपी ठेवा: ६ इंचांच्या कागदी ताटलीत सगळे बाण १० यार्डांवरून बसू लागले की १५, मग २०. तरुण शिकाऱ्याला त्यापुढे जाण्याची गरज नाही.

ब्रॉडहेडसाठी एक मोठी बाजू राखून ठेवा आणि बाकीच्यांवर ते कधी मारू नका. पाती फोमचे तुकडे काढतात, ती बाजू लवकर खराब होते. एका ठिपक्यावर एकच ब्रॉडहेड मारा, आणि ते बाहेर काढताना पिळू नका. फील्ड पॉइंट आणि त्याच वजनाचं ब्रॉडहेड, बहुधा १०० ग्रेन, वेगवेगळ्या ठिकाणी लागत असतील तर धनुष्य नीट जुळवलेलं नाही, दुकानात दाखवा. कमी जोराच्या धनुष्याला लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांपेक्षा स्थिर, दोन पात्यांचं ब्रॉडहेड चांगलं, कारण पाती उघडण्यात जोर वाया जात नाही.

थरांच्या फोमचं टार्गेट स्वस्त पडतं आणि बाण सहज निघतो, पण ब्रॉडहेडने थर लवकर सुटे होतात. पूर्ण आकाराचं फोमचं थ्रीडी हरीण सर्वात आनंदाचं, तरी ते महाग आहे, जागा खातं आणि भरवस्तीच्या अंगणात शेजाऱ्यांना दचकवतं. त्यासाठी क्लब गाठा. उन्हाळ्यात थ्रीडी स्पर्धा होतात, तिथे अंतर न सांगता फोमचे प्राणी झाडीत उभे असतात, आणि जमीन असलेली माणसंही तिथेच भेटतात. त्या ओळखीतून शिकारीची परवानगी मिळण्याची शक्यता सर्वात जास्त, निदान ज्याचं इथे कोणी नाही त्याच्यासाठी. सरकारी जमीनही पाहा: टेक्ससमध्ये सार्वजनिक शिकारीचा वार्षिक परवाना मिळतो. न्यू जर्सीत धनुष्याच्या शिकारीसाठी वस्तीच्या इमारतीपासूनचं किमान अंतर १५० फूट आहे, त्यामुळे उपनगरातल्या छोट्या रानाच्या मालकाला विचारण्यातही अर्थ आहे. तिथे मुलाने स्वतः जाऊन विचारावं, सोबत मोठ्यांनी असावं.

हिवाळ्यात फोम कडक होतो आणि बाण काढणं आणखी जड जातं, तेव्हा टार्गेट गॅरेजमध्ये ठेवा. एरवीही ऊन-पावसात टाकून देऊ नका. घरात दोन मुलं मारणारी असतील तर फील्ड पॉइंटच्या रोजच्या सरावाला एक पिशवी वेगळी घ्या आणि १८-१ फक्त वर सांगितलेल्या प्रश्नांसाठी वापरा. असं वापरलं तर ते बराच काळ टिकतं.