कोंबडीच्या भ्रूणाची निळी कवटी: चार बरण्यांचा संच, एका सत्राच्या वापरानंतर

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी आमच्या विभागाने गेल्या पावसाळ्यात कोंबडीच्या रंगवलेल्या भ्रूणांचा एक संच मागवला. 7, 10, 13 आणि 16 दिवस उबवलेल्या अंड्यांतील चार भ्रूण ग्लिसरीनच्या चार लहान बरण्यांत येतात आणि सोबत भिंतीवर लावायचा एक रंगीत तक्ता मिळतो. तीन तुकड्यांनी सत्रभर हाताळल्यानंतरचे आमचे मत असे की बरण्या अवश्य घ्याव्यात. तक्ता मात्र फुकट दिला तरी लावू नये.

अल्सियन ब्लू हा रंग कूर्चेला (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीला) धरतो, अ‍ॅलिझरिन रेड कॅल्शियमला धरतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात मांस पारदर्शक होते. त्यामुळे काचेसारख्या अंगात निळी कूर्चा आणि लाल हाड एवढेच डोळ्यांत भरते. 10 दिवसांचा भ्रूण पेट्री डिशमध्ये काढून खालून पांढरा प्रकाश दिला की मेंदूखालचा तळ, दोन्ही बाजूंच्या कानांची संपुटे, दोन प्रचंड डोळ्यांच्या मधला पातळ उभा पडदा आणि खालच्या जबड्यातील मेकेलच्या कूर्चेच्या दोन काड्या साध्या भिंगातूनही ओळखता येतात. नंतर भ्रूण हलकेच उपडा करून डोक्याच्या माथ्याकडून पाहावे, कारण या संचाची खरी किंमत तिथेच वसूल होते. माथ्यावर निळे जवळपास काहीच नाही. कॉन्ड्रोक्रेनियम (भ्रूणातील कूर्चेची कवटी) म्हणजे मेंदूला चहूबाजूंनी झाकणारी पेटी, असे वहीत काढून आलेल्या विद्यार्थ्यांना ते वस्तुतः वर उघडे असलेले पात्र आहे हे इथे दिसते. वरचे छप्पर पुढे कूर्चेशिवाय, थेट त्वचेखालील पटलात तयार होणाऱ्या हाडांचे होते. 16 दिवसांच्या बरणीत डोळ्यांच्या वरून माथ्याकडे सरकणारे लाल पत्रे दिसतात, आणि तळाच्या मागच्या भागात निळ्याची जागा लाल रंगाने घेतलेली असते.

तुलनेसाठी आम्ही बाजारातून आणलेल्या मुशीचे (लहान शार्कचे) डोके गरम पाण्यात धरून, मांस काढून शेजारी ठेवले. मुशीची कवटी जन्मभर कूर्चेचीच राहते, वरून येणारी हाडे तिच्या नशिबी नाहीत. म्हणून तिला पुढची खिडकी सोडली तर कूर्चेचेच छप्पर असते. हे दोन नमुने एकाच टेबलावर ठेवले की निम्मे व्याख्यान वाचते.

आता तक्रारी. 7 दिवसांची म्हणून आलेल्या बरणीतील भ्रूणाच्या खालच्या जबड्यावर एक बारीक लाल रेघ होती आणि ती आधी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आली. सातव्या दिवशी तिथे अ‍ॅलिझरिन धरेल इतके हाड नसते. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या कोंबडीच्या भ्रूणवाढीच्या 1951 च्या 46 अवस्थांच्या कोष्टकाशी पिसांचे अंकुर आणि पायाची बोटे ताडून पाहिली, तेव्हा तो भ्रूण नववा दिवस ओलांडलेला निघाला. अंडी किती उष्ण ठेवली यावर वाढीचा वेग बदलतो, म्हणून बरणीवर दिवसाऐवजी अवस्थेचा क्रमांक छापणे हाच शहाणपणा ठरला असता. विक्रेत्याने बरणी बदलून दिली, हे मान्य करावे लागेल. मात्र बदली बरणीच्या झाकणातून ग्लिसरीन पाझरून खोका चिकट झाला होता. 13 दिवसांच्या नमुन्यात लाल रंग जागोजागी फिका आहे. अल्सियन ब्लूच्या द्रावणातील आम्लात भ्रूण जास्त वेळ राहिला की कोवळ्या हाडातले कॅल्शियम विरघळते आणि मग अ‍ॅलिझरिनला धरायला काही उरत नाही. इथे तसेच झाले असावे.

संचाची मोठी उणीव म्हणजे सुरुवात यात नाही. भ्रूणशास्त्रज्ञ मार्टिन राटके यांनी 1839 मध्ये सापाच्या भ्रूणात वर्णिलेल्या ट्रॅबेक्युला, म्हणजे पुढच्या दोन कूर्चादंडिका, आणि पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड, भ्रूणाच्या पाठीतील आधारदंडाच्या) दोन्ही बाजूंच्या पॅराकॉर्डल या कूर्चेच्या पट्ट्या सुट्या पाहायच्या, तर सुमारे पाच-सहा दिवसांचा भ्रूण हवा. परीक्षेत नेमका हाच प्रश्न येतो आणि नेमकी हीच बरणी नाही.

तक्त्याविषयी थोडे कठोर लिहावे लागते. त्यात कवटी ‘मणक्यांच्या एकत्रीकरणातून’ बनते असे छापले आहे. जर्मन कवी गटे आणि निसर्गशास्त्रज्ञ ओकेन यांच्या काळातील ही कल्पना इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी 1858 च्या व्याख्यानात भ्रूणांच्याच आधारे मोडीत काढली होती. शिवाय कवटीचा संपूर्ण तळ एकाच रंगात दाखवला आहे. फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआरें आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपून, त्या पेशींच्या केंद्रकाच्या वेगळेपणावरून माग काढत दाखवले की पृष्ठरज्जूच्या टोकापुढचा भाग चेता-शिखेच्या (न्यूरल क्रेस्ट, भ्रूणाच्या चेतानळीच्या कडेवरून स्थलांतर करणाऱ्या) पेशींपासून आणि मागचा भाग मध्यस्तरापासून (मेसोडर्म, भ्रूणाच्या मधल्या पेशीथरापासून) येतो. ही सीमारेषा तक्त्यावर एका रेघेने दाखवता आली असती.

ज्यांना संच घ्यायचा असेल त्यांनी पाठवणीपूर्वी प्रत्येक बरणीचे छायाचित्र मागवावे, बरण्या उन्हापासून दूर बंद कपाटात ठेवाव्यात आणि भ्रूण चिमट्याने न उचलता चपट्या चमच्याने उचलावा. आमच्या 10 दिवसांच्या नमुन्यातील मेकेलची डावी काडी पहिल्याच तुकडीत चिमट्याखाली मोडली.