सीसीफुल: न्यूट्रॉनच्या जोडीसाठी एकच ओळ

कलिन्याला न्यूक्लिअर फिजिक्स घेतलेल्यांना आणि कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) फ्यूजनचा, म्हणजे दोन केंद्रकं एक होण्याचा, डेटा घेणाऱ्यांना सीसीफुल हा त्या फ्यूजनचं गणित करणारा फोरट्रान प्रोग्राम हाताशी हवाच. हागिनो, राउली आणि क्रुप्पा यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर झटपट चालतो. विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेसुद्धा.

इनपुट म्हणजे आकड्यांची छोटी फाइल. लेखकांनी दिलेलं उदाहरण ऑक्सिजन-१६ आणि समेरियम-१४४ चं आहे. त्यात वुड्स-सॅक्सन पोटेन्शिअलचे (केंद्रकांमधल्या ओढीच्या सूत्राचे) आकडे: खोली १०५.१ एमईव्ही, त्रिज्येचा आकडा १.१ फर्मी आणि कडेचा पसरटपणा ०.७५ फर्मी. आधी हेच चालवून बघा. पोटेन्शिअल उथळ घेतलं तर मोठ्या कोनीय संवेगाला बॅरिअरच्या (केंद्रकांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या ऊर्जेच्या टेकाडाच्या) आतला खळगाच उरत नाही. आत जाणारी लाट प्रोग्राम त्या खळग्यातच धरतो, त्यामुळे त्या लाटा गळतात आणि वरच्या ऊर्जेला क्रॉस सेक्शन (फ्यूजन होण्याच्या शक्यतेचं माप) कमी येतो.

अतिप्रवाहितेच्या (केंद्रकातल्या न्यूट्रॉनांनी जोड्या करून एकत्र वागण्याच्या) बाबतीत मात्र प्रोग्रामचा हात आखडता आहे. जोडी-ट्रान्सफरला, म्हणजे न्यूट्रॉनची जोडी एका केंद्रकातून दुसऱ्यात जाण्याला, एकच ओळ: चालू की बंद, क्यू-व्हॅल्यू (त्यात सुटणारी ऊर्जा) आणि फर्मीमधला जोर. हा जोर बहुधा डेटा जुळेपर्यंत फिरवला जातो, आणि फसगत होते ती तिथेच. कॅल्शियम-४० वर झिर्कोनियम-९६ मधून दोन न्यूट्रॉन आले तर क्यू-व्हॅल्यू सुमारे +५.५ एमईव्ही, म्हणून बॅरिअरखालचं फ्यूजन झिर्कोनियम-९० पेक्षा बरंच वाढतं. पण झिर्कोनियम-९६ ची ३-ऋण पातळीही (केंद्रकाच्या कंपनाची एक ऊर्जा-पातळी) १.९ एमईव्हीवरच आहे (९० मध्ये २.७५) आणि तिचं कंपन जोरदार. ते कमी धरून ट्रान्सफर वाढवला तरी आलेख सुरेख जुळतो, फक्त कारण चुकीचं निघतं. कंपनांचे आकडे आधी पक्के करा, मगच ही ओळ उघडा.

शिवाय ही ओळ बॅरिअरखालचं फ्यूजन वाढवते. अतिप्रवाहितेचा उलटा परिणाम मागियेर्स्की, सेकिझावा आणि व्लाझ्लोव्स्की यांनी २०१७ मध्ये गणिताने दाखवला. दोन केंद्रकांच्या पेअरिंग क्षेत्रांच्या (न्यूट्रॉन-जोड्यांच्या सामाईक लाटेच्या) फेजमध्ये १८० अंशांचा फरक असेल, तर मधल्या मानेत पेअरिंग मोडलेला पडदा उभा राहतो आणि फ्यूजनला जास्त ऊर्जा लागते. बीम सोडताना ही फेज ठरवता येत नाही. दर टकरीत वेगळी, म्हणून बॅरिअर वर सरकतो आणि पसरतोही. सीसीफुलमध्ये फेज नाहीच. ती हवी तर काळानुसार पेअरिंग सोडवणारा कोड आणि सुपरकॉम्प्युटर लागतो.

पोटेन्शिअल कमी करून बॅरिअर वर ढकलण्याची पळवाट आहे, पण तिने पसरटपणा येत नाही आणि खळगा आणखी उथळ होतो.